तबकडी आणि पाठभेद : रॉक ध्वनिमुद्रिकांच्या संग्रहाविषयी एक चिकित्सक टिपण

प्रास्ताविक :
रॉक संगीताच्या जुन्या विनाइल तबकड्या जमवण्याकडे आपल्याकडे खर्चिक छंद किंवा गतकाळाची ओढ म्हणून पाहिले जाते. संग्राहकही बहुधा ‘आवाजातील ऊब’ एवढेच समर्थन पुढे करतात. ते अपुरे आहे. सुई तबकडीच्या आतल्या वळणांकडे सरकते तसतशी सूक्ष्म, उच्च ध्वनींची स्पष्टता घटते. हे माध्यमाचे अंगभूत वैगुण्य होय. या संग्रहाचे खरे मूल्य श्रवणसुखापेक्षा पाठचिकित्सेत आहे, असे प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन आहे. संत एकनाथांनी शके १५०६ (इ.स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची पाठशुद्धी केली. मराठीच्या अभ्यासकाला परिचित असलेली ही शिस्त ध्वनिमुद्रिकेलाही लागू करता येते.

एकच नाव, अनेक पाठ :
बीटल्सच्या ‘रबर सोल’ (१९६५) या दीर्घमुद्रिकेच्या ब्रिटिश आवृत्तीत १४ गीते आहेत, अमेरिकन आवृत्तीत १२. आणि ती १२ही मूळ १४ मधली नाहीत. ‘सार्जंट पेपर’ (१९६७) या मुद्रिकेचे मोनो मिश्रण समूहाच्या देखरेखीखाली झाले, तर स्टिरिओ मिश्रण नंतर, बव्हंशी त्यांच्या अनुपस्थितीत. परिणामी ‘शीज लीव्हिंग होम’ हे गीत मोनोमध्ये अधिक द्रुत व चढ्या स्वरात ऐकू येते. तेव्हा एखाद्या मुद्रिकेवर अभिप्राय देणाऱ्या समीक्षकाने आपण कोणता पाठ ऐकला हे सांगणे अगत्याचे ठरते.

मुंबईचा पाठ :
या प्रश्नाशी महाराष्ट्राचा थेट संबंध आहे. जानेवारी १९६८ मध्ये जॉर्ज हॅरिसन यांनी मुंबईतील एच.एम.व्ही.च्या ध्वनिमुद्रणगृहात ‘वंडरवॉल म्युझिक’साठी भारतीय वादकांचे वादन मुद्रित केले. त्याच सत्रांत ‘द इनर लाइट’ या गीताचा वाद्यभाग तयार झाला. गायन लंडनमध्ये झाले. मार्च १९६८ मध्ये हे गीत ‘लेडी मॅडोना’च्या मागील बाजूस प्रसिद्ध झाले. त्या छोट्या तबकडीवर मुंबईच्या वादकांचा नामनिर्देश नाही. याउलट त्याच वर्षाच्या अखेरीस आलेल्या ‘वंडरवॉल म्युझिक’च्या वेष्टनावर शिवकुमार शर्मा (संतूर), एस. आर. केंकरे (बासरी), रिजराम देसाद (हार्मोनियम व तबलातरंग) आदींची नावे छापलेली आहेत. साथीदार वादक अनामिक राहण्याच्या त्या काळात हे वेष्टन दस्तऐवजाचे काम करते. केवळ ध्वनी जतन केला, तर ही साक्ष हरवते.

भारतीय प्रतींचे स्थान :
भारतात निघालेल्या प्रती कमअस्सल मानण्याची प्रवृत्ती संग्राहकांत आढळते. मात्र लाखेच्या ७८ फेऱ्यांच्या तबकड्या पाश्चात्त्य बाजारातून हटल्यानंतरही बीटल्सची गीते भारतात त्या स्वरूपात निघत होती. आज जगभरचे संग्राहक त्या शोधतात. सिमला बीट स्पर्धेतील भारतीय बँडांच्या १९७० व १९७१ च्या संकलन-मुद्रिका तर आपल्या रॉक संगीताचे मोलाचे मूळ साधन आहेत. अशा वस्तूंचे मूल्य बाजारभावावरून ठरवणे म्हणजे हस्तलिखिताची किंमत कागदावरून करण्यासारखे आहे.

समारोप :
१९९० मध्ये मुंबईत स्थापन झालेल्या ‘सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स’ने खासगी संग्रहाला अभ्यासाची दिशा देता येते, हे भारतीय संगीताच्या संदर्भात दाखवून दिले. रॉक मुद्रिकांबाबत तशी दृष्टी महाविद्यालयीन ग्रंथालयांनी स्वीकारावयास हवी. काळा घोडा येथील ‘ऱ्हिदम हाऊस’ २०१६ मध्ये बंद झाले. जुन्या संग्राहकांचे संग्रहही वारसांच्या हाती जाऊन विखुरतात. राहनाळ-भिवंडीसारख्या दमट हवेच्या भागात वेष्टनांना बुरशी लागते, म्हणून तबकड्या उभ्या व कोरड्या जागी ठेवाव्यात. त्याहून महत्त्वाचे म्हणजे प्रत्येक प्रतीचा देश, लेबल, शेवटच्या वळणाजवळ कोरलेला मॅट्रिक्स क्रमांक आणि वेष्टनावरील मजकूर यांची नोंद करावी. नोंद नसलेला संग्रह हा केवळ संचय होय; नोंद झाली, की त्यातून समीक्षेला आधार मिळतो.