कोळसा वीजप्रकल्पांच्या परकीय कर्जाला होणारा विरोध : एक चिकित्सक अभ्यास

बीजशब्द : औष्णिक वीज, परकीय कर्ज, प्रकल्पबाधित, उत्तरदायित्व, कुडगी, मुंद्रा

प्रस्तावना :

मैंदर्गी हे अक्कलकोट तालुक्यातील, कर्नाटकाच्या सीमेलगतचे गाव. मराठी आणि कन्नड या दोन्ही भाषा येथे सहज बोलल्या जातात. या सीमाभागाच्या दोन्ही अंगांना गेल्या दशकात एनटीपीसीची दोन मोठी औष्णिक केंद्रे उभी राहिली. दक्षिण सोलापूर तालुक्यात फताटेवाडी-आहेरवाडी परिसरात १३२० मेगावॅटचे केंद्र झाले आणि विजयपूर जिल्ह्यात कुडगी येथे २४०० मेगावॅटचे. पहिल्याला उजनीचे पाणी, तर दुसऱ्याला आलमट्टीचे. दुष्काळाशी परिचित असलेल्या या पट्ट्यात अशा प्रकल्पांविषयी मतभेद होणे स्वाभाविक आहे.

कोळशावरील विजेला होणाऱ्या विरोधाचा एक महत्त्वाचा प्रवाह प्रकल्पाऐवजी त्याला कर्ज देणाऱ्या परदेशी संस्थेला जाब विचारतो. 'कर्ज थांबवा, म्हणजे प्रकल्प थांबेल' हे त्याचे गृहीतक आहे. हे गृहीतक भारतीय अनुभवावर कितपत टिकते आणि या विरोधाने प्रत्यक्षात काय साध्य केले, याची चिकित्सा करणे हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

विरोधाची पूर्वपीठिका :

औष्णिक विजेसाठी परकीय कर्ज ही महाराष्ट्राला नवी गोष्ट नाही. ट्रॉम्बे येथील औष्णिक केंद्रासाठी जागतिक बँकेने १९५४ मध्येच टाटा समूहाच्या वीज कंपन्यांना १ कोटी ६२ लाख डॉलरचे कर्ज दिले होते. त्या काळी अशा कर्जाकडे राष्ट्रउभारणीला मिळालेला हातभार म्हणूनच पाहिले गेले.

कर्ज देणाऱ्यालाच प्रश्न विचारण्याची रीत पुढे रूढ झाली ती कोळशामुळे नव्हे, तर धरणामुळे. सरदार सरोवर प्रकल्पासाठी जागतिक बँकेने १९८५ मध्ये ४५ कोटी डॉलर मंजूर केले. आजच्या नंदुरबार जिल्ह्यातील मणिबेलीसह नर्मदाकाठच्या गावांनी दिलेल्या लढ्यामुळे बँकेला स्वतंत्र समिती नेमावी लागली. या मोर्स समितीचा अहवाल १९९२ मध्ये आला आणि मार्च १९९३ मध्ये भारत सरकारने उर्वरित कर्ज नाकारले. त्याच वर्षी जागतिक बँकेने बाधितांच्या तक्रारी ऐकण्यासाठी इन्स्पेक्शन पॅनेल स्थापन केले.

या घटनाक्रमाचे दोन निष्कर्ष निघतात. कर्ज थांबले, तरी धरण थांबले नाही. ते देशी पैशावर पूर्ण झाले आणि २०१७ मध्ये त्याचे लोकार्पण झाले. मात्र या लढ्यातून जगभरच्या बाधितांना तक्रारीसाठी एक दार उघडले गेले. १९९७ मध्ये सिंगरौली येथील एनटीपीसी प्रकल्पाच्या बाधितांनी हेच दार ठोठावले. म्हणजेच मणिबेलीच्या लढ्याचा लाभ कोळसा पट्ट्यातील विस्थापितांपर्यंत पोहोचला.

मुंद्रा : तक्रारीपासून न्यायालयापर्यंत

गुजरातच्या कच्छ किनाऱ्यावरील टाटा पॉवरचा मुंद्रा प्रकल्प ४००० मेगावॅटचा असून त्यातील विजेत महाराष्ट्राचाही वाटा ठरलेला होता. जागतिक बँक समूहातील इंटरनॅशनल फायनान्स कॉर्पोरेशनने, म्हणजेच आयएफसीने, २००८ मध्ये त्यासाठी ४५ कोटी डॉलर मंजूर केले. प्रकल्पातून समुद्रात सोडले जाणारे उष्ण पाणी आणि कोळशाची धूळ यांमुळे मासेमारीवर परिणाम होतो, अशी तक्रार तेथील मच्छीमार संघटनेने २०११ मध्ये आयएफसीच्या स्वतंत्र तक्रार कार्यालयाकडे, सीएओकडे, केली. हंगामापुरते किनाऱ्यावर येऊन राहणाऱ्या मच्छीमारांना बाधित म्हणून नीट ओळखले गेले नाही, असा ठपका २०१३ च्या लेखापरीक्षण अहवालाने आयएफसीवर ठेवला. आयएफसीला मात्र त्यातील बरेच आक्षेप मान्य झाले नाहीत.

त्यानंतर २०१५ मध्ये मच्छीमारांनी वॉशिंग्टन येथील न्यायालयात दावा दाखल केला. आंतरराष्ट्रीय संस्थांना खटल्यापासून संपूर्ण संरक्षण नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २७ फेब्रुवारी २०१९ रोजी सात विरुद्ध एक अशा मताने दिला. हा विजय तत्त्वापुरताच राहिला. दाव्याचे मूळ अमेरिकेत नसून भारतात घडलेल्या कृतीत आहे, या कारणास्तव खालच्या न्यायालयांनी तो फेटाळला आणि २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यात पुन्हा लक्ष घालण्यास नकार दिला. मच्छीमारांच्या हाती भरपाई आली नाही. परंतु त्यांचे म्हणणे एका अधिकृत अहवालात कायमचे नोंदले गेले.

कुडगी : 'हवामान निधी'चे गौडबंगाल

कुडगी प्रकल्पासाठी तोशिबाच्या टर्बाइनच्या खरेदीकरिता जपानच्या जेबीआयसी या सरकारी बँकेने २०१४ मध्ये सुमारे २१ कोटी डॉलरचे कर्ज दिले. त्याच वर्षी मार्चमध्ये राष्ट्रीय हरित लवादाने या प्रकल्पाच्या पर्यावरण मंजुरीचा फेरविचार करण्यास सांगितले. संपादित जमीन पडीक की सुपीक, हा वादाचा एक मुख्य मुद्दा होता. जुलै २०१४ मध्ये आंदोलक शेतकऱ्यांवर पोलिसांनी गोळीबार केला आणि त्यात शेतकरी जखमी झाले. पुढे जपान हे कर्ज 'हवामान निधी' या सदरात मोजत असल्याचे उघड झाले. अद्ययावत तंत्रज्ञानाच्या प्रकल्पात प्रत्येक युनिटमागे कोळसा कमी जळतो, असे त्याचे समर्थन करण्यात आले.

हे समर्थन तांत्रिकदृष्ट्या पूर्णतः खोटे नाही. परंतु तुलना कशाशी करावयाची, हे येथे कर्ज देणाराच ठरवितो. जुन्या केंद्राशी तुलना केली, तर नवे केंद्र स्वच्छ दिसते. कोरडवाहू शेताशी केली, तर तसे दिसत नाही. हवामान निधी कशाला म्हणावे याची सर्वमान्य व्याख्या नसल्याचा लाभ येथे घेतला गेला. या शब्दच्छलावर बोट ठेवणे, हे जपानमधील व भारतातील विरोधकांचे महत्त्वाचे कार्य मानावे लागेल.

विरोधी भूमिकेच्या मर्यादा :

तथापि ही भूमिका निर्दोष नाही. २००० नंतरच्या दशकात महाराष्ट्राच्या ग्रामीण भागाने प्रदीर्घ भारनियमन सोसले आहे. ज्याच्या मोटारीला रात्री दोन वाजता वीज मिळत होती, त्याला 'कोळसा नको' ही घोषणा परकी वाटली तर दोष त्याचा नाही. शिवाय ज्या देशांनी शतकभर कोळसा जाळून समृद्धी मिळविली, त्यांनी भारताचे कर्ज अडवावे, या विसंगतीचे समाधानकारक उत्तर विरोधकांनी क्वचितच दिले आहे.

याहून मोठी मर्यादा यशाच्या मोजमापाची आहे. किती कर्ज रोखले, यावरून या चळवळीचे यश मोजले गेले. त्या मापाने पाहिले, तर तिला यश मिळाले आहे. जागतिक बँकेने २०१३ मध्ये कोळशासाठीचे अर्थसाहाय्य अपवादात्मक परिस्थितीपुरते सीमित केले. जी-७ राष्ट्रांनी, म्हणजे जपाननेही, उत्सर्जन रोखण्याची सोय नसलेल्या परदेशी कोळसा प्रकल्पांना नवे थेट सरकारी साहाय्य २०२१ अखेर थांबविण्याचे जाहीर केले. चीननेही त्याच वर्षी परदेशात नवे कोळसा प्रकल्प न उभारण्याची घोषणा केली. पण भारतात कोळसा प्रकल्पांचा मुख्य आधार पॉवर फायनान्स कॉर्पोरेशन, आरईसी आणि राष्ट्रीयीकृत बँका या देशी संस्थांचा आहे. परकीय कर्ज आटले म्हणून प्रकल्प थांबतोच असे नाही. बाधितांना मात्र त्या कर्जाबरोबर आलेले तक्रारीचे दार गमवावे लागते. बाधितांची तक्रार थेट स्वीकारून कर्जदात्याचेच जाहीर लेखापरीक्षण करणारी, सीएओच्या तोडीची यंत्रणा या देशी संस्थांकडे नाही.

कुडगीचा अनुभवही हेच सुचवितो. तेथे प्रकल्पाला काही काळ तरी जाब द्यावा लागला तो देशातील लवादापुढे. म्हणजे देशांतर्गत यंत्रणा परिणामकारक ठरू शकते. मात्र ती पर्यावरण मंजुरी तपासते, कर्ज देणाऱ्याची जबाबदारी नव्हे.

निष्कर्ष :

१. परकीय कर्जाला झालेल्या विरोधाने भारतात प्रकल्प क्वचितच थांबले. परंतु कर्ज देणारा हाही उत्तरदायी असतो, हे तत्त्व त्यातून प्रस्थापित झाले.

२. 'स्वच्छ कोळसा', 'हवामान निधी' यांसारख्या संज्ञांची चिकित्सा ही या चळवळीची टिकाऊ देणगी आहे.

३. कर्जाचा स्रोत देशी झाला म्हणून बाधिताचा प्रश्न बदलत नाही. म्हणून मणिबेलीच्या लढ्यानंतर वॉशिंग्टनमध्ये जी यंत्रणा उभी राहिली, तिची मागणी आता मुंबई-दिल्लीतील कर्जदात्यांकडे होणे आवश्यक आहे.

समारोप :

वीज हवी की शेती, असा पर्याय सीमाभागातील शेतकऱ्यापुढे ठेवणे अन्यायाचे आहे. त्याला दोन्ही हवे आहेत. ज्या बँकेत त्याची ठेव आहे, तीच बँक त्याच्या शिवाराजवळच्या प्रकल्पाला कर्ज देत असेल, तर आपले नुकसान तिच्यापुढे मराठीत किंवा कन्नडमध्ये मांडण्याचा आणि लेखी उत्तर मिळविण्याचा हक्क त्याला असला पाहिजे. कर्जविरोधी चळवळीचा पुढचा टप्पा येथून सुरू व्हावा, असे प्रस्तुत अभ्यासकास वाटते.