पकडीचे व्याकरण : कबड्डीच्या गुणतक्त्यांची एक समीक्षा

सांघिक खेळातील संघाची कामगिरी आकड्यांच्या साहाय्याने तपासण्याची पद्धत आता सर्वत्र रूढ झाली आहे. रग्बीसारख्या खेळांत ती पाश्चात्त्य देशांत विशेष वाढली; आपल्याकडे तिचा व्यापक परिचय घडला तो क्रिकेटनंतर कबड्डीमुळे. २०१४ साली प्रो कबड्डी स्पर्धा सुरू झाल्यापासून प्रत्येक चढाईची नोंद होते आणि खेळाडूंच्या नावांपुढे गुण मांडलेले तक्ते प्रसिद्ध होतात. प्रस्तुत लेखात या तक्त्यांकडे एक संहिता म्हणून पाहावयाचे आहे. भाषाभ्यासकाने क्रीडांगणात का उतरावे, असे कोणी विचारील. त्यास उत्तर असे की, तक्ता हीदेखील एक भाषाच होय. घटनेतील कशास नाव द्यावयाचे, कोणास कर्ता मानावयाचे आणि काय अनुक्त ठेवावयाचे, याचा निर्णय मोजणीपूर्वीच झालेला असतो.

प्रथम पकडीचा विचार करू. चढाईपटू अंगणात उतरतो तेव्हा समोर अधिकात अधिक सात बचावपटू असतात. कोपरारक्षक त्याचा घोटा धरतो. मध्यरक्षक त्यास रेटून मध्यरेषेचा मार्ग अडवितो. साखळीतील जोडीदार पळवाट बुजवितो. हे सारे दोन-तीन क्षणांत घडते. मराठीत आपण म्हणतो, “बचावपटूंनी चढाईपटूस पकडले.” हा भावे प्रयोग आहे. येथे क्रियापद कर्त्याच्या लिंगवचनाप्रमाणे चालत नाही, कर्माच्याही चालत नाही. क्रियेचा भाव तेवढा प्रधान असतो. मैदानावरील बोली याच्याही पुढे जाते. ती केवळ “पकड झाली” असे म्हणते. पकडणाऱ्याचे नावही घेत नाही. गुणतक्ता मात्र या घटनेचे रूपांतर कर्तरि प्रयोगात करतो : अमुक खेळाडू, पकडीचा गुण एक. उरलेल्यांचा वाक्यातून लोप होतो. रग्बीत स्क्रममध्ये दोन्ही बाजूंचे आठ-आठ खेळाडू एकमेकांस रेटतात. तो स्क्रम जिंकल्याची नोंद संघाच्या नावे होते, कारण तो रेटा एकट्याचा नसतो हे नोंद करणाऱ्यास मान्य असते. कबड्डीच्या तक्त्याने पकडीस हा न्याय लावलेला नाही.

दुसरा प्रश्न शून्याचा. ‘एक देव’ आणि ‘दोन देव’ या दोन्ही ठिकाणी ‘देव’ हे रूप सारखेच दिसते. तरी दुसऱ्या ठिकाणी अनेकवचनाचा शून्य प्रत्यय आपण मानतो, कारण तेथे काही दिसत नसले तरी कार्य घडलेले असते. निष्फळ चढाईची गोष्ट अशीच आहे. प्रो कबड्डीच्या नियमांनुसार ओळीने दोन चढाया निष्फळ गेल्या की तिसऱ्या चढाईत गुण मिळविणे भाग पडते, अन्यथा चढाईपटू बाद होतो. म्हणजे पहिल्या दोन चढायांत प्रतिस्पर्ध्यास रिक्तहस्त परत धाडणारा बचाव तिसऱ्या चढाईची कोंडी निर्माण करतो. परंतु त्या तीस-तीस सेकंदांचे श्रेय कोणाच्याही नावे जमा होत नाही. उलट बोनसचा गुण आणि स्पर्शाचा गुण ही दोन भिन्नार्थी पदे तक्त्यात समानार्थी ठरतात. स्पर्शाने प्रतिस्पर्धी बाद होतो व आपला बाद झालेला गडी परत येतो. बोनसने यांपैकी काहीच घडत नाही.

आता काही प्रत्यक्ष उदाहरणे. दहाव्या हंगामाच्या लिलावात पवन सेहरावत यास तेलुगू टायटन्सने अडीच कोटींहून अधिक रकमेस घेतले. त्याने चढाईत दोनशेहून अधिक गुण मिळविले. संघ मात्र गुणानुक्रमात शेवटचा राहिला. त्या हंगामात पुणेरी पलटणने साखळीतील २२ सामन्यांपैकी १७ जिंकले व १ मार्च २०२४ रोजी हैदराबाद येथे हरियाणा स्टीलर्सचा २८–२५ असा पराभव करून प्रथमच विजेतेपद मिळविले. त्या अंतिम सामन्यात पंकज मोहिते याचे ९ गुण हेच सर्वाधिक होते. अकराव्या हंगामात पाटण्याच्या देवांक दलालने चढाईचे ३०१ गुण घेऊन अग्रस्थान पटकाविले. तथापि २९ डिसेंबर २०२४ रोजी बालेवाडी येथे झालेल्या अंतिम सामन्यात हरियाणाने पाटण्यास ३२–२३ असे नमविले.

यावर एक आक्षेप संभवतो, आणि तो दुर्लक्षणीय नाही. पुण्याच्या विजयात पकडींचे सर्वाधिक गुण मिळविणारा इराणचा मोहम्मदरझा शादलू पुढच्या हंगामात हरियाणाकडे गेला. हरियाणा विजेता ठरला आणि पुणे पहिल्या सहांतही आले नाही. तेव्हा व्यक्तीचे महत्त्व नाकारता येईल काय? नाकारू नये. परंतु त्याच हंगामात पुण्याचा कर्णधार अस्लम इनामदार जायबंदी झाला, हेही विसरता येत नाही. यांपैकी कोणत्या कारणाचा भार किती, हे ठरविण्याचे साधन तक्त्यापाशी नाही. कारण शादलूच्या प्रत्येक पकडीत त्याच्या शेजारी कोण उभा होता, हे त्यात लिहिलेलेच नसते. आमचा आक्षेप आकड्यांवर नसून त्यांच्या अपुऱ्या वाक्यरचनेवर आहे.

हा वाद केवळ तात्त्विक नव्हे. पिंपळे गुरवसारख्या, एके काळी गाव असलेल्या आणि आज पिंपरी-चिंचवड महानगरात सामावलेल्या वस्तीत सायंकाळी सराव करणाऱ्या मुलांत कामगारांची मुले पुष्कळ आहेत. बालेवाडीचे क्रीडासंकुल येथून जवळ. खेळाच्या बळावर नोकरी मिळण्याची आशाही खरी. अशाच एका सरावानंतर उजवा मध्यरक्षक म्हणून खेळणारा मुलगा प्रस्तुत लेखकास म्हणाला, “सर, रेटतो मी, पण माझ्या नावावर काहीच लागत नाही.” निवड तक्त्यावरून होणार असेल, तर हा मुलगा काय शिकेल? साखळी सोडून, जोडीदाराची वाट न पाहता, अवेळी झेप घेण्यास शिकेल. तक्ता अशा रीतीने खेळाचे वर्णन करता करता खेळच बदलून टाकतो.

उपाय अवघड नाही. प्रत्येक चढाई हे एक वाक्य मानून तिची नोंद करावी : पहिला स्पर्श कोणाचा, आधार कोणाचा, वाट कोणी अडविली आणि त्या वेळी अंगणात किती गडी होते. निष्फळ चढाईसही स्वतंत्र ओळ द्यावी. स्थानिक सामन्यांत दोन विद्यार्थी वही घेऊन बसले तरी हे काम होण्यासारखे आहे. भाषाविज्ञानाच्या विद्यार्थ्यांनी ते अंगावर घेतल्यास त्यांना कारकविचाराचा जिवंत अभ्यास घडेल आणि त्या मध्यरक्षकाच्या नावावर त्याचे स्वतःचे काही तरी लागेल.