अध्यक्षांना मुदत कोण घालणार?

विधानसभेची रचना सांगायची म्हटलं की आपण आकडे सांगतो. महाराष्ट्रात सदस्य २८८, गणपूर्तीला एकदशांश म्हणजे २९, मुदत पाच वर्षं. आज मात्र मंडळी, राज्यघटनेनं या सभागृहात घड्याळ कुठे लावलं आणि कुठे लावलं नाही, तेवढंच पाहू.

दोन अधिवेशनांत सहा महिन्यांचं अंतर पडता कामा नये. अध्यक्षांना हटवायचा ठराव आणायचा तर चौदा दिवस आधी सूचना हवी. एखादा आमदार परवानगीशिवाय साठ दिवस गैरहजर राहिला, तर त्याची जागा रिकामी ठरवता येते. आणि अध्यक्ष निवडायचे कधी? अनुच्छेद १७८ म्हणतो, होईल तितक्या लवकर. बस्स, एवढंच.

या ‘लवकर’मध्ये आपल्याकडे सतरा महिने मावले! फेब्रुवारी २०२१ मध्ये नाना पटोले यांनी राजीनामा दिला. राहुल नार्वेकर निवडून आले ते ३ जुलै २०२२ ला. मध्यंतरी सरकारनं गुप्त मतदानाऐवजी खुल्या मतदानाचा नियम केला, राज्यपालांनी त्यावर बोट ठेवलं, आणि उपाध्यक्ष नरहरी झिरवाळ सभागृह चालवत राहिले. कुणी म्हणेल, काम अडलं नाही ना, मग झालं तर.

पण या खुर्चीकडे नुसतं सूत्रसंचालन नाही. १९८५ साली दहावी अनुसूची आली आणि पक्षांतराचा न्यायनिवाडाही अध्यक्षांकडे गेला. तिथेही मुदत नाही. शिवसेनेच्या फुटीनंतर जून २०२२ मध्ये अर्ज दाखल झाले, निकाल लागला १० जानेवारी २०२४ ला, तोही सर्वोच्च न्यायालयानं तारीख घालून दिल्यावर. निकाल बरोबर की चूक, तो वाद बाजूला ठेवू. ज्यांच्या पात्रतेचाच प्रश्न होता ते दरम्यान मतं देत होते, काही तर मंत्री होते.

१९९२ च्या किहोतो होलोहान खटल्यात तीन न्यायमूर्तींनी अध्यक्षपदाच्या प्रतिष्ठेवर विश्वास टाकला. उरलेल्या दोघांचं म्हणणं असं, की ज्याचं पद बहुमताच्या मर्जीवर टिकतं त्याला न्यायाधीश करू नये. आम्हा तत्त्वज्ञानवाल्यांना इथे तर्कातली फट दिसते. प्रतिष्ठा हे चांगल्या व्यवस्थेचं फळ असतं. बहुमताच्या निकालानं ते बीज म्हणून पेरलं. ब्रिटनमध्ये अध्यक्ष पक्ष सोडतात, आणि मोठे पक्ष सहसा त्यांच्याविरुद्ध उमेदवार देत नाहीत. आपले अध्यक्ष पुढच्या निवडणुकीला तिकिटासाठी पक्षाच्याच दारात उभे! त्यांच्याकडे निःपक्षपात मागायचा तो कशाच्या जोरावर?

२०२० मध्ये मणिपूरच्या प्रकरणात न्यायालयानं साधारण तीन महिन्यांची मर्यादा सांगितली, स्वतंत्र लवादाचा विचार करा असंही संसदेला सुचवलं. आमचं विचाराल तर लवादाचं नंतर बघू. आधी अनुच्छेद १७८ आणि दहावी अनुसूची, दोन्हीकडे दिवसांचा आकडा घाला. गैरहजर आमदारासाठी तो घालताना कुणाला अवघड गेलं नव्हतं.