स्वरसंघात व चालरचना

स्वरसंघात व चालरचना : एकाच वेळी उमटणाऱ्या तीन वा अधिक स्वरांच्या समूहास स्वरसंघात म्हणतात, वादकांच्या बोलीत तो ‘कॉर्ड’. संघातांचा क्रम आधी योजून त्यातून चाल काढणे ही जॅझची एक प्रमुख रीत होय. आपल्या सुगम संगीतात तिचा वावर कितपत होता, याविषयी मात्र पुष्कळ सैलपणे लिहिले गेले आहे.

रागसंगीतात षड्ज अचल असून इतर स्वरांचा अर्थ त्याच्या संबंधाने ठरतो. जॅझमध्ये स्वराचा अर्थ आधारानुसार पालटतो. षड्ज लांबवून त्याखाली सा-ग-प, म-ध-सा, कोमल ध-सा-कोमल ग असे संघात क्रमाने वाजविल्यास तोच षड्ज आधी पाया, मग पाचवा व शेवटी तिसरा स्वर ठरतो. गायक जागचा न हलता भाव हलतो. रे-म-ध, प-नि-रे-म, सा-ग-प ही जॅझची रुळलेली वाट. तीतील पहिल्या संघातात मध्यम तीव्र केला, की तो पंचमाकडे झेपावतो. यमनात मात्र तोच स्वर घरचा असतो. दुसऱ्याच्या जागी कोमल रे-म-कोमल ध-नि घेतल्यास म आणि नि कायम राहतात व पाया अर्ध्या स्वराने षड्जावर उतरतो.

ही विद्या मुंबईत आणली ती मुख्यतः परदेशी वाद्यवृंदांनी व गोमंतकीय वादकांनी. लिऑन ॲबी यांचा वाद्यवृंद १९३५ मध्ये ताजमहाल हॉटेलात वाजत होता. गोव्याच्या चर्च-शाळांत स्वरलेखन शिकलेल्या वादकांना तेथील संगीत वाचता येत होते. हळदोण्याचे आंतोनियो झाव्हियर व्हाझ ऊर्फ चिक चॉकलेट हे सी. रामचंद्र (१९१८–८२) यांच्या संगीतात ट्रंपेट वाजवीत. अलबेला (१९५१) या चित्रपटात ते वाद्यवृंदासह पडद्यावरही दिसतात. तथापि त्या गाण्यांत जॅझचे आले ते प्रामुख्याने ठेका व वाद्यरंग. पेटीवर एकट्याने वाजविली, तरी त्या चाली पुऱ्या वाटतात. संघातांवाचून त्यांचे अडत नाही.

शंकर-जयकिशन यांच्या राग-जॅझ स्टाइल (१९६८) या ध्वनिमुद्रिकेत अडचण उघडी पडते. रईस खाँ यांची सतार तीत अकरा रागांतून फिरते आणि सॅक्सोफोनही सुरेल आहे. परंतु मालकंसात षड्जावरचा पूर्ण संघातही उभा राहत नाही, कारण त्यास लागणारा पंचम रागात वर्ज्य. साथीने राग मोडावा किंवा गप्प राहावे, एवढेच उरते. गंमत अशी, की खुद्द जॅझ तोवर दोन टोकांना गेले होते. जॉन कोल्ट्रेन यांनी १९५९ मध्येच, काही आठवड्यांच्या अंतराने, जवळजवळ क्रमरहित अशा काइंड ऑफ ब्लू मध्ये साथ केली व दर दोन-चार मात्रांना षड्ज बदलणारे जायंट स्टेप्स ध्वनिमुद्रित केले.

संघातांतूनच जन्मलेली चाल ऐकावयाची, तर क्रिस पेरी (१९२८–२००२) यांच्या लोर्ना यांनी गायिलेल्या कोंकणी गीतांकडे वळावे लागते. त्यांतील काही ओळी तंबोऱ्यावर गाऊन पाहिल्या, तर मधले स्वर निराधार लोंबकळतात. पियानो येताच ते जागेवर बसतात.