दुसरी आई

तंजावरहून तिरुवारूर साठेक किलोमीटर. कावेरीच्या कालव्यांमधून, भातखाचरांच्या कडेकडेने बस जाते. त्यागराजाच्या अवाढव्य देवळाबाहेर एक दगडी रथ आहे. रथाशी वासरू आहे, राजपुत्र आहे आणि गाय आहे. मनुनीती चोळाची ही गोष्ट तमिळ मुलं शाळेतच ऐकतात. मद्रास उच्च न्यायालयाच्या आवारातही या राजाचा पुतळा आहे. राजपुत्राच्या रथाखाली वासरू सापडलं. गाय राजवाड्याशी आली आणि शिंगाने न्यायाची घंटा हलवू लागली. राजाने प्रधानाला सांगितलं, माझ्या मुलाला तसंच चिरड. प्रधानाने त्याऐवजी स्वतःचाच जीव घेतला. मग राजाने स्वतः रथ हाकला. शेवटी महादेव प्रकटले आणि वासरू, राजपुत्र, प्रधान सगळे उठून बसले. बाराव्या शतकात शेक्किळारने 'पेरियपुराणम्'मध्ये ही कथा रंगवून सांगितली आहे.

गोष्ट न्यायाची म्हणून सांगतात. त्या रथापाशी उभं राहिलं की मला मात्र एक माणूस कमी वाटतं. राजपुत्राची आई कुठे आहे? गाईला घंटा तरी मिळाली. राणीला कथेत एक वाक्यही नाही. आणि गाईला खरोखर राजपुत्राचा जीव हवा होता की नुसतं कुणीतरी बाहेर येऊन बघावं एवढंच हवं होतं, हेही कुणी विचारलं नाही. शिक्षा राजाने ठरवली, ती अमलात राजाने आणली, कीर्तीही राजाची झाली.

लेकरू गमावलेली आई आणि तिचा सूड, हा आज पडद्यावर चलनी माल आहे. या प्रकारातलं काय टिकेल आणि काय वाहून जाईल, याची माझी कसोटी तिरुवारूरच्या त्या रथापाशी ठरली. कथेला दुसरी आई दिसते का? म्हणजे ज्याचा जीव घ्यायचा त्याला जन्म देणारी. ती दिसली की कथा मनात शिरते. ती दिसली नाही की उरते नुसती कापाकापी.

जुन्या काळी प्रश्नच वेगळा होता, कारण आई स्वतः सूड घेतच नसे. ती दुसऱ्याकडून घेववायची. तमिळमध्ये याचा कळस म्हणजे १९५४चा 'मनोहरा'. मूळ नाटक पम्मल संबंध मुदलियारांचं, पटकथा-संवाद जुन्या तंजावर जिल्ह्यातल्या तिरुक्कुवळैत जन्मलेल्या करुणानिधींचे. राणी पद्मावतीचा राजाने अपमान केलेला, वसंतसेना नावाची बाई सिंहासनाच्या शेजारी बसलेली, आणि मुलगा मनोहर संतापाने पेटलेला. पण आईने शब्द घेतलाय, हात उचलायचा नाही. अख्खा चित्रपट त्या एका शब्दावर ताणलेला आहे. शेवटी ती शब्द मागे घेते आणि साखळदंडातला मनोहर, म्हणजे शिवाजी गणेशन, सुटतो. आई झालेल्या कन्नांबाने आधी १९४२च्या 'कण्णगी'त मदुराई जाळलेली. म्हणजे प्रेक्षकांनी तिच्या तोंडून आग निघताना आधीच पाहिली होती. थरार आहे तो तिच्या गप्प बसण्यात. पण वसंतसेनेलाही मुलगा आहे, आणि तो इथे निव्वळ हसण्यापुरता. दुसरी आई म्हणजे खलनायिका, तिचं पोर म्हणजे विदूषक. हिशेब सोपा करून टाकला.

मराठीत आपण हाही हिशेब मांडला नाही. आपली आई 'श्यामची आई'. ती दुःखातून मुलाला चांगलं करते, कुणाला वाईट वागायला लावत नाही. रागावलेल्या आईला आपण घराबाहेर काढून पिंपळावर बसवलं: बाळंतपणात मेलेली अळवंतीण, हडळ. जिवंतपणी जे बोलता येत नाही ते मेल्यावर तिने बोलावं, अशी आपली सोय. म्हणून मराठी सिनेमात संतापलेली आई आली ती भयपटातूनच. विशाल फुरियाचा 'लपाछपी' (२०१७) याचं चांगलं उदाहरण. उसाच्या फडात हरवलेलं एकटं घर, गरोदर नेहा, आणि जन्मलेल्या मुलींना जगू न देणारी रीत. भुताला घाबरायला सुरुवात केलेला प्रेक्षक हळूहळू जिवंत माणसांना घाबरू लागतो. इथे दुसरी आई दूर कुठे नाही, त्याच घरात चूल फुंकतेय. उषा नाईकांची तुळसाबाई नेहाला जेवायला वाढते तेव्हा प्रेमळ वाटते, आणि तो प्रेमळपणाच नंतर अंगावर येतो. हिंदीत हाच चित्रपट 'छोरी' झाला.

त्याच २०१७ साली हिंदीत तीन चित्रपट ओळीने आले. एप्रिलमध्ये रवीना टंडनचा 'मातृ', जुलैत श्रीदेवीचा 'मॉम', नोव्हेंबरात देवाशिष मखिजाचा 'अज्जी'. पहिल्या दोन्हींमध्ये पोलीस आणि कोर्ट हरतात, आई हत्यार उचलते. 'मॉम'मधली देवकी जीवशास्त्राची शिक्षिका. सफरचंदाच्या बिया कुटून ती विष करते. ही एक कल्पना सोडली तर बाकी चित्रपट आपण आधी पाहिलेला असतो. श्रीदेवीला त्यासाठी मरणोत्तर राष्ट्रीय पुरस्कार मिळाला आणि तो योग्य होता, कारण चित्रपटात जे काही मन आहे ते तिच्या डोळ्यांत आहे, पटकथेत नाही. मुलीवरचा अत्याचार हा इथे आईला मिळालेला परवाना आहे. परवाना दाखवला की पुढे कुणी काही विचारत नाही. गुन्हेगारांना घर नाही, आई नाही. ते जणू आकाशातून पडले.

'अज्जी' मात्र वेगळ्या मातीचा. 'व्हय, मी सावित्रीबाई' हा एकपात्री प्रयोग गावोगाव नेणाऱ्या सुषमा देशपांडे यात नातीसाठी उठलेली म्हातारी झाल्या आहेत. ती खाटकाकडे जाऊन मांस कापायला शिकते. दिग्दर्शक हे घाईने आटपत नाही. सुरी कुठून शिरते, सांधा कुठे सुटतो, म्हातारीचे हात हळूहळू सराईत कसे होतात, हे तो बघायला लावतो. सूड ही शिकायची गोष्ट आहे आणि शिकताना माणूस बदलतं, हे इतकं जवळून दुसऱ्या कुणी दाखवलेलं मला आठवत नाही. शेवट मला पटत नाही. पण त्या शिकवणीसाठी चित्रपट पुन्हा पाहावा.

तमिळमध्ये अरुण मातेश्वरनचा 'साणी कायिदम' (२०२२) आला तेव्हा बरंच कौतुक झालं. कीर्ती सुरेशची पोन्नी पोलीस शिपाई. नवरा आणि मुलगी झोपडीसकट जाळले जातात, आणि ती सावत्र भावाला घेऊन एकेकाला संपवत जाते. प्रकरणं पाडलेली, रक्त सढळ हाताने. आग पाहताना तंजावर भागातल्या कुणालाही कीळवेणमणी आठवेल. २५ डिसेंबर १९६८ रोजी, तेव्हाच्या तंजावर जिल्ह्यातल्या या खेड्यात मजुरीवाढ मागणाऱ्या दलित शेतमजुरांची ४४ माणसं एका झोपडीत जाळली गेली. त्यात बायका आणि मुलंच जास्त होती. मुख्य आरोपी जमीनदार पुढे उच्च न्यायालयात सुटला आणि १९८०मध्ये त्याचा खून झाला.

कीळवेणमणीवर इंदिरा पार्थसारथी यांनी 'कुरुदिप्पुनल' ही कादंबरी लिहिली. १९७७चा साहित्य अकादमी पुरस्कार तिला मिळाला. मनोविश्लेषणाची हौस असलेली ही कादंबरी. पण विश्लेषण कुणाचं? जमीनदाराचं. त्याच्या क्रौर्याचं मूळ त्याच्या नपुंसकत्वात शोधलं, म्हणून डाव्यांनी तेव्हाच हरकत घेतली. माझी हरकत वेगळी आहे. मारणाऱ्याला अंतर्मन मिळालं आणि गमावणाऱ्या बायांना नुसता आक्रोश. 'साणी कायिदम'ने उलटं केलं, गमावणारीच्या हातात कोयता दिला. अंतर्मन मात्र तिलाही दिलं नाही. पोन्नी एकटी बसली आहे आणि सूडाव्यतिरिक्त दुसरं काही तिच्या मनात येतंय, असा क्षण शोधावा लागतो.

आता 'दृश्यम'. तंजावर–कुंभकोणम रेल्वेमार्गावर पापनाशम नावाचं स्टेशन आहे. (कमल हासनच्या 'पापनाशम'चं, म्हणजे तमिळ 'दृश्यम'चं, हे गाव नव्हे. ते तिरुनेलवेलीकडचं. गाडी थांबली की डब्यातलं कुणीतरी तरीही तो विषय काढतंच.) जीतू जोसेफचा मल्याळम मूळ चित्रपट २०१३चा, तमिळ २०१५चा, त्याच वर्षी निशिकांत कामत या मराठी दिग्दर्शकाने तो हिंदीत करताना गोव्यात नेला. आयजी मीरा देशमुख म्हणजे तब्बू. मराठी आडनावाची, वर्दीतली, मुलगा हरवलेली आई. चर्चा सगळी त्या मुलाचा मृत्यू दडवणाऱ्या विजय साळगावकरच्या हुशारीची झाली: दोन ऑक्टोबर, पणजीचा सत्संग, पावभाजीचं बिल. पण सूडपट म्हणून पाहिलं तर या चित्रपटाने केलेली गोष्ट धाडसाची आहे. ज्या आईचं पोर गेलं तिच्या विरुद्ध बाजूला त्याने आपल्याला बसवलं. चौकशीच्या खोलीत पोलीस गायतोंडे विजयच्या धाकट्या मुलीला मारतो. मीरा बघते आणि थांबवत नाही. त्या वेळी तिच्या चेहऱ्यावर राग नाही. ती मोजतेय. समोरची आई किती वेळ तग धरेल, हे दुसऱ्या आईलाच नेमकं कळतं. आणि समोर विजयची बायको नंदिनी आहे, जिने आधी मीराच्या मुलापुढे हात जोडले, गयावया केली, आणि नंतर रात्री त्याला पुरलं. दोघीही लेकरासाठीच सगळं करताहेत. पटकथेने कुणालाच आकाशातून पाडलेलं नाही. अखेरीस मीरा वर्दीशिवाय, नवऱ्यासोबत विजयला भेटायला येते. तिला आता शिक्षा नको असते, मुलगा जिवंत आहे की नाही एवढंच कळायला हवं असतं. तिरुवारूरच्या गाईलाही बहुधा इतकंच हवं होतं.

बाहेरच्या देशांत हे काम अधिक निर्दयपणे झालं आहे. तेत्सुया नाकाशिमाच्या जपानी 'कन्फेशन्स'मध्ये (२०१०) शिक्षिका वर्गात शांतपणे सांगते की तिच्या छोट्या मुलीला मारणारे दोघे याच वर्गात आहेत, आणि त्यांच्या दुधात तिने काय घातलंय. हत्यार एकच, बोलणं. त्यातल्या एका मुलाच्या आईचं काय होतं, यासाठी चित्रपट मुद्दाम थांबतो. बाँग जून-होच्या कोरियन 'मदर'मध्ये (२००९) तर सूडाचं नाटक उलगडत उलगडत एका तुरुंगात येतं. आपल्या मुलाच्या जागी अडकलेल्या परक्या पोराला आई विचारते, तुला आई नाही का रे. आणि रडते. माझ्या पाहण्यात या प्रकारातला सगळ्यात भीषण क्षण तो. तिथे रक्ताचा थेंब नाही.

एक गोष्ट हा प्रकार अजून पेलत नाही, ती म्हणजे वेळ. १६ जुलै २००४ला कुंभकोणमच्या शाळेत माध्यान्ह भोजनाच्या स्वयंपाकघरातून आग छपराला लागली. ९४ मुलं गेली. तंजावरच्या न्यायालयाचा निकाल आला ३० जुलै २०१४ला. दोषींमध्ये संस्थाचालकापासून स्वयंपाकिणीपर्यंत माणसं होती. मग अपिलं. दहा वर्षं तारखांना हजर राहणं ही मनाची काय अवस्था असते? सिनेमात त्याला गाण्याचं एक कडवं मिळतं: भिंतीवरचं कॅलेंडर, पांढरे होत गेलेले केस. प्रतीक्षेचा थरारपट कुणी केलेला मला आठवत नाही. केला तर त्यातली आई कदाचित त्या स्वयंपाकिणीकडे बघत दहा वर्षं बसलेली असेल. तिच्याबद्दल काय वाटतं ते दर तारखेला वेगळं असेल.

पडद्यावरून रंगमंचावर येऊ. तंजावरजवळच्या मेलट्टूरला नरसिंह जयंतीच्या सुमारास रात्रभर भागवत मेळा चालतो. नाटकं वेंकटराम शास्त्रींची, तेलुगू; तंजावरच्या मराठी राजांच्या आश्रयाने ही परंपरा वाढली. 'प्रह्लाद चरित्रा'त प्रह्लादाची आई, आपली कयाधू, लीलावती होऊन येते. पुरुषच ती भूमिका करतो. मुलगा आणि नवरा यांच्यामध्ये ती रात्रभर विलाप करत राहते. पहाटेच्या सुमारास नरसिंहाचा मुखवटा येतो आणि प्रेक्षक हात जोडतात.

हिरण्यकशिपूलाही आई होती, दिती. नाटकात ती नाही. भागवत पुराणात आहे. दोन्ही मुलं मारली गेल्यावर तिने इंद्राला मारणारा मुलगा मागितला आणि वर्षभराचं कडक व्रत धरलं. इंद्राला हे कळलं. तो तिच्याच आश्रमात सेवेला राहिला. रोज रानातून फुलं, दर्भ, समिधा आणून द्यायचा, तिचं सगळं बघायचा, आणि ती कुठे चुकते याची वाट पाहायचा. एका संध्याकाळी ती थकून पाय न धुता झोपली. तो गर्भात शिरला आणि गर्भाचे एकोणपन्नास तुकडे केले. दिती जागी झाली तेव्हा समोर एकोणपन्नास मुलगे उभे होते, आणि त्यांच्यामध्ये इंद्र.

ती त्याच्याकडे पाहते. तो सगळं कबूल करतो.

हा प्रवेश नाटकात कुणी लिहिलेला मला ठाऊक नाही.