हाताला काय कळलं?

पावसाळ्यात ताम्हिणीतून गाडी काढलेल्या माणसाला ‘अनचार्टेड : द लॉस्ट लेगसी’मधला पश्चिम घाट चटकन ओळखू येईल. तांबडा चिखल, चढावर जागच्या जागी फिरणारी चाकं, तळहातात थरथरणारा कंट्रोलर, वळण घेतलं की समोर कोसळणारा धबधबा. नॉटी डॉग या अमेरिकी कंपनीचा हा गेम २०१७ साली आला. त्याची नायिका क्लोई फ्रेझर अर्धी भारतीय आहे आणि गणपतीचा सुळा शोधायला ती होयसळांच्या मुलखात उतरते. पहिल्या संध्याकाळी मी शोधबिध विसरून नुसती जीप हाकत होते. एखादी जागा हाताने कळणं म्हणजे काय, ते त्या चिखलाने मला शिकवलं.

पण तासाभराने एक गोष्ट टोचू लागली. या घाटात माणूसच नाही. बंडखोर बंदूकधारी ढिगाने आहेत. पण वस्तीची वाडी नाही, चुलीचा धूर नाही, गुरं राखणारं पोर नाही. हळेबीडू आणि बेलूर ही नावं जंगलाने गिळलेल्या प्राचीन नगरांना दिली आहेत. प्रत्यक्षात दोन्ही कर्नाटकात हासन जिल्ह्यातली नांदती गावं आहेत. बेलूरच्या चन्नकेशवाची प्रतिष्ठापना १११७ साली झाली आणि तिथे आजही रोज पूजा होते. होयसळांची ही मंदिरं २०२३ साली जागतिक वारसा ठरली. कल्पित कथेला भूगोलाची सूट हवीच, तिच्याशी माझं भांडण नाही. पण जिवंत गाव ‘हरवलेलं’ ठरवल्याशिवाय खजिना सापडू शकत नाही, ही जुन्या साहसकथांची खोड इतक्या देखण्या गेममध्येही तशीच राहावी, याचं वाईट वाटतं.

याहून मोठा दोष खेळण्यातच आहे. क्लोई आणि तिची साथीदार नादीन या दोघींमधला अविश्वास विरघळत जातो, तो भाग फार सुंदर लिहिला आहे. ढिगाऱ्याखाली अडकलेल्या हत्तीला सोडवून दोघी त्याच्या पाठीवर बसतात, तेव्हा गेम मिनिटभर शांत होतो आणि आपणही होतो. पुढच्याच वळणावर माझ्या बोटांनी डझनभर माणसं मारलेली असतात आणि दोघी मजेत गप्पा मारत असतात. संवाद सांगतात की क्लोई ही हळवी, विनोदी बाई आहे. माझं बोट सांगतं की ही निर्विकार मारेकरी आहे. मला बोटावर जास्त विश्वास ठेवावा लागतो, कारण ते काम मी स्वतः केलेलं असतं.

नाटक पाहून आलं की आपण संहिता, अभिनय, नेपथ्य, प्रकाश यांबद्दल बोलतो, आणि ते बोलायला मराठीत शंभराहून जास्त वर्षांची घडलेली भाषा आहे. गेमबद्दल मराठीत बोलणं निघतं ते बहुतेक ‘व्यसन’ या एका शब्दावर येऊन थांबतं. काळजी खरी आहे, पण त्यात कलेची पारख होत नाही. चित्र, संगीत, कथा यांची मापं गेमलाही लागतात. तरी खेळून झाल्यावर पहिला प्रश्न वेगळा हवा. हाताने काय केलं, आणि त्या करण्यातून काय कळलं? या प्रश्नावर कितीतरी महागडे गेम अडखळतात आणि काही छोटे गेम ताठ उभे राहतात.

पुण्यात घडलेला ‘राजी : अॅन एन्शंट एपिक’ या दोन्हींच्या मधे कुठेतरी आहे. नॉडिंग हेड्स गेम्स या छोट्या चमूने २०१७ साली लोकांकडून निधी उभारायचा प्रयत्न केला, तो फसला. तरीही २०२० साली गेम आला आणि त्या वर्षीच्या ‘द गेम अवॉर्ड्स’मध्ये पदार्पणाच्या पुरस्कारासाठी त्याला नामांकन मिळालं. राजी ही खेळ करून पोट भरणारी पोर. तिचा भाऊ गोलू असुरांनी पळवला आहे. डोंबाऱ्याच्या खेळात दोरीवर चालणारी मुलगी ज्याने कधी रस्त्यात थांबून पाहिली आहे, त्याला राजीच्या कोलांट्या परक्या वाटणार नाहीत. भिंतीवरून धावणं, खांबाला गिरकी घेऊन शत्रूवर झेपावणं, हे सगळं तिच्या पोटापाण्याच्या कसबातून आलं आहे. तिची लढाई हा तिच्या कलेचाच पुढचा भाग, ही कल्पना माझ्या बोटांना पटली. कथेचे दुवे छायाबाहुल्यांच्या खेळातून सांगितले आहेत. कुडाळजवळच्या पिंगुळीत ठाकर कलावंतांच्या चामड्याच्या बाहुल्या पडद्यामागे हलताना मी पाहिल्या आहेत. तोच प्रकाश आणि तोच सपाटपणा इथे पाहताना ऊर भरून आला, हे लपवण्यात अर्थ नाही.

ऊर भरून आला म्हणून दोष झाकायचे नाहीत. कॅमेरा आपल्या हातात नसतो, त्यामुळे उडी कुठे पडणार याचा अंदाज चुकतो आणि राजी दरीत जाते. चूक तिची नाही, माझीही नाही. मारामारीची पहिली मोहिनी ओसरली की तेच डावपेच पुन्हा पुन्हा येतात. मंडलाची चक्रं फिरवून जुळवायची कोडी दिसायला सुरेख आहेत, पण ती सोडवायला डोकं फारसं लागत नाही. आणि शेवट! असुरराज महाबलासुरापर्यंत पोहोचावं आणि तिसऱ्या अंकाच्या मध्यावर कुणीतरी पडदा पाडावा, तसा हा गेम संपतो. पैसा आणि माणसं तुटपुंजी होती हे दिसतंच. पण आपल्या मातीतला म्हणून त्याला हळू हाताने तपासणं म्हणजे त्याला कमी लेखणं होईल.

मोबाइलवरच्या फुकट गेमबद्दल थोडंच लिहिते. ‘कँडी क्रश सागा’चं रंगांचं गणित चतुर आहे, आवाज गोड आहेत. पण पाच जीव संपले की एक जीव परत मिळायला अर्धा तास लागतो, नाहीतर पैसे मोजायचे. म्हणजे इथे वाट पाहणं हीच मुख्य कृती ठरवून रचली आहे. हाताने काय केलं, या प्रश्नाचं उत्तर इथे ‘खिसा चाचपला’ असं येतं. कारागिरी कितीही असली तरी मी याला वाईट रचना म्हणते.

‘वेन्बा’ दोन तासांच्या आत संपतो. टोरंटोच्या विसाई गेम्सने २०२३ साली काढलेला हा गेम १९८०च्या दशकात कॅनडाला गेलेल्या तमिळ कुटुंबाचा आहे. आईकडून आलेली पाककृतींची वही फाटली आहे, डाग पडून अक्षरं पुसली आहेत. गाळलेली पायरी आपण हुडकायची. पहिलंच कोडं इडलीचं. इडलीपात्रातल्या ताटल्या एकावर एक अशा बसवायच्या की वाफेची भोकं झाकली जाणार नाहीत. हे मला येतं, माझ्या आईला येत होतं, आणि कुणीही ते शब्दांत शिकवलं नव्हतं. हाताने शिकलेली गोष्ट हातानेच परत मागणारा गेम मी पहिल्यांदा पाहिला. पुढे मुलगा कविन मोठा होतो, घरातली भाषा त्याच्यापासून दुरावते, आणि एका टप्प्यावर स्वयंपाक त्याच्या हातात येतो. तेव्हा वहीतली तीच पानं जड होतात. उणीव एवढीच की चुकलं तरी काही बिघडत नाही. करपलेला पदार्थ ताटात पडून घरात जी शांतता पसरते, तिला हा गेम भितो. ती आली असती तर आईचं एकटेपण आणखी खोल गेलं असतं.

आणि मग ‘रिटर्न ऑफ द ओब्रा डिन’. लुकास पोप या एका माणसाने वर्षानुवर्षं घडवलेला हा गेम २०१८ साली आला. ईस्ट इंडिया कंपनीचं एक जहाज १८०२ साली लंडनहून निघतं, बेपत्ता होतं आणि १८०७ साली फाल्मथच्या बंदराबाहेर येऊन लागतं. जहाजावर कुणीही जिवंत नाही. आपण कंपनीचे विमा निरीक्षक. हातात एक वही आणि एक घड्याळ. प्रेताजवळ घड्याळ उघडलं की त्या माणसाचा शेवटचा क्षण गोठून समोर उभा राहतो. चित्र जुन्या संगणकांच्या पडद्यासारखं दोनच रंगांतलं. साठ माणसं, प्रत्येकाचं नाव काय आणि त्याचं काय झालं, ते लिहायचं.

बोटांना इथे एकच काम आहे, नोंद करणं. म्हणूनच नजर धारदार होते. कोण कुणाशेजारी उभा आहे, कुणाच्या झोपायच्या झोळीवर कोणता आकडा आहे, झोळीतून बाहेर आलेल्या पायांत कसले जोडे आहेत. तीन नोंदी बरोबर आल्या की गेम त्या एकदम पक्क्या करतो, त्यामुळे अंदाजपंचे लिहिणं सहसा निभत नाही. शेवटच्या पाच-सात नावांना मात्र निभतं, आणि मीही ती पळवाट वापरली. नव्या आठवणीत पहिल्यांदा शिरलं की वही उघडायला थांबावं लागतं, तेही मला खटकलं. शिवाय हा गेम आयुष्यात एकदाच खेळता येतो.

सगळ्या नोंदी झाल्यावर कंपनीचा हिशेब येतो: कुणाच्या वारसांना भरपाई, कुणाच्या मालमत्तेवर दंड. इतके तास ज्यांचे चेहरे पाठ केले ती माणसं पौंडांच्या रकान्यात जाऊन बसतात, आणि तो रकाना भरायला आपणच मदत केलेली असते. संवाद आणि बोट यांच्यामधल्या ज्या दरीत ‘लॉस्ट लेगसी’ने मला ढकललं होतं ती इथे नाही. हाताने जे केलं त्याबद्दलच हा गेम बोलतो.

खलाशांच्या यादीत प्रत्येकाच्या नावापुढे देश लिहिलेला आहे. काहींच्या पुढे भारत आहे. त्यांतले दोघे, सोलोमन सय्यद आणि रेनफ्रेड राजुब, प्रवासाच्या सुरुवातीलाच थंडीत आजाराने जातात. लढाई नाही, बंड नाही, कुणी खलनायक नाही. कथेच्या दृष्टीने ते फार आधी मेले आहेत. त्यांच्यापर्यंत मी सर्वांत शेवटी पोहोचले. कोणता चेहरा कोणत्या नावाचा हे ठरवायला मला एक आख्खी संध्याकाळ लागली. मग दोघांची नावं लिहिली, देश पुन्हा एकदा वाचला, आणि वही मिटायच्या आधी बराच वेळ ते पान तसंच उघडं ठेवलं.