पायडलचा खेळ आणि श्वासाचा हिशेब

आखातातले मराठी घर ओळखण्याची एक खूण सांगतो. हॉलच्या कोपऱ्यात व्यायामाची सायकल असते आणि तिच्यावर टॉवेल वाळत असतो. आमच्या शारजाच्या घरीही तेच. जुलै-ऑगस्टमध्ये पारा पंचेचाळीसच्या आसपास रेंगाळतो, संध्याकाळीही पोरांना बागेत सोडवत नाही. त्यात आमच्या नऊ वर्षांच्या चिरंजीवांना दमा. मैदानात धावला की धाप लागते, घरात बसला की व्हिडिओ गेममधून डोके वर काढत नाही. तेव्हा सॉफ्टवेअरच्या व्यवसायात उभी हयात घालवलेल्या, नावामागे डॉक्टरेट (औषधाला उपयोग नसलेली) लावणाऱ्या या बापाने ठरवले की टॉवेल काढायचा आणि सायकललाच गेमचा कंट्रोलर करायचे.

काम अवघड नव्हते. चाकाला एक लोहचुंबक, फ्रेमला चुंबकाने चालणारा स्विच, मध्ये एक छोटे सर्किट. चाकाचा प्रत्येक फेरा संगणकाला कळतो. फेरे जितके जलद, तितकी पडद्यावरची मोटार वेगात. मी स्वतःवरच खूष होतो. तिसऱ्या दिवशी चिरंजीवांनी सात-आठ मिनिटे जीव तोडून पायडल मारले, शर्यत जिंकली आणि ते उड्या मारत खाली उतरले. पाच मिनिटांनी सोफ्यावर बसून त्याच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता. पंप दिला, थोड्या वेळाने उतार पडला. सौ. एवढेच म्हणाली, "अहो, तुमच्या यंत्राला चाक दिसतं, मुलगा दिसत नाही."

डॉक्टरांनी नंतर समजावून सांगितले. जोरात श्वास घेताना कोरडी हवा भराभर आत जाते, श्वासनलिका पाणी आणि ऊब गमावतात आणि आकसतात. हा त्रास बहुधा व्यायाम थांबल्यावर काही मिनिटांनी वाढतो. आमच्या घरात एसीची कोरडी हवा चोवीस तास! व्यायाम बंद करा असे मात्र ते म्हणाले नाहीत. उलट कराच म्हणाले, पण आधी शरीर हळूहळू तापवा, मध्ये विश्रांती द्या, आणि पंप हाताशी ठेवा. माझ्या यंत्राने नेमके याच्या उलट शिकवले होते. ज्या क्षणी मुलाने थांबायला हवे होते, त्याच क्षणी ते त्याला सर्वांत जास्त गुण देत होते.

मंडळी, त्या दिवसापासून मी अशा कंट्रोलरांकडे समीक्षकाच्या नजरेने पाहू लागलो, आणि लक्षात आले की ही चूक माझ्या एकट्याची नव्हती. अटारी कंपनीने १९८२ च्या सुमारास 'पफर' नावाने व्यायामाची सायकल खेळाला जोडण्याचा घाट घातला होता. ती बाजारात आलीच नाही. निंटेंडोची 'पॉवर पॅड' ही पायाने खेळायची चटई १९८८ मध्ये अमेरिकेत आली. मुलांनी दोन दिवसांत शोध लावला की गुडघ्यावर बसून हातांनी थापा मारल्या तर पडद्यावरचा धावपटू जास्तच वेगाने धावतो! मुलांची ही टीका कोणत्याही परीक्षणापेक्षा नेमकी होती. चटईला धावणे कळत नव्हते, फक्त थापा कळत होत्या.

पुढे २००७ साली जपानमध्ये 'वी फिट' आला. त्याची पाटी शरीराचा तोल उत्तम ओळखते, पण मुलाला वजन-उंचीच्या गुणोत्तरात बसवून शेराही देते. २००८ मध्ये ब्रिटनमधल्या एका दहा वर्षांच्या मुलीला या खेळाने लठ्ठ ठरवल्यावर ओरड झाली आणि निंटेंडोला दिलगिरी व्यक्त करावी लागली. तब्येतीसाठी घरात आणलेल्या वस्तूनेच मुलाला आपल्या शरीराची लाज वाटायला लावावी, याला काय म्हणावे?

शिवाय असे खेळ नुसते घरात आणून ठेवल्याने मुले जास्त हलतात का? अमेरिकेत ह्यूस्टनच्या टॉम बारानोव्स्की आणि सहकाऱ्यांनी २०१२ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. नऊ ते बारा वर्षांच्या ७८ मुलांपैकी काहींना अंग हलवायला लावणारे खेळ दिले, काहींना बसून खेळायचे. तेरा आठवडे हालचाल मोजली. दोन गटांत फरक आढळला नाही. मुले निरोगी होती, सांगणारे-समजावणारे कोणी नव्हते, हे लक्षात घेऊनही आपल्यासारख्या 'वस्तू आणली की काम झाले' म्हणणाऱ्या पालकांनी हा निकाल मनावर घ्यावा.

मग चांगले काम कुठे झाले? माझ्या मते कॅनडात किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात, निक ग्रॅहम आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे. सेरेब्रल पाल्सी असलेल्या मुलांसाठी त्यांनी 'लिबेरी' हा खेळ घडवला. मागे रेलून बसायची सायकल पायांसाठी, हातात साधा कंट्रोलर, आणि आपापल्या घरून एकत्र खेळणाऱ्या मुलांना गप्पा मारायला कानावर हेडफोन. अशा मुलांना संथ खेळच द्यावेत ही समजूत त्यांनी मुलांसोबत काम करून तपासली आणि २०१३ साली मांडले की वेगवान खेळही जमतात, फक्त खेळाची रचना बदलावी लागते. बटणे कमी ठेवा, अचूक नेम मागू नका, चूक झाली तर मोठी शिक्षा करू नका. एका हाताची पकड कच्ची असेल तर दोष हाताचा धरायचा की बटणाचा, हा प्रश्न त्यांनी बटणाच्या बाजूने सोडवला नाही, हे मला महत्त्वाचे वाटते.

याच मंडळींचा २००९ मधला 'हार्ट बर्न' हा खेळ आणखी चतुर. त्यात गाडीचा वेग पायडलच्या फेऱ्यांवर नव्हे, तर खेळाडूची नाडी त्याच्या स्वतःच्या लक्ष्याच्या किती जवळ आली यावर ठरतो. त्यामुळे धडधाकट आणि अशक्त एकाच शर्यतीत उतरू शकतात. मात्र माझ्या मुलासाठी हेही पुरेसे नाही. पंपातल्या सालब्युटामॉलने नाडी वाढू शकते. म्हणजे औषध घेतल्याबद्दलच खेळ गुण देईल! मधुमेही मुलाची गोष्ट आणखी वेगळी. इन्सुलिन घेणाऱ्या मुलाची साखर खेळ संपल्यावर काही तासांनी, रात्री झोपेतही उतरू शकते. पडद्यावरचा खेळ संपला तरी शरीराचा हिशेब चालूच असतो, आणि बहुतेक कंट्रोलर नेमके तिथेच डोळे मिटून घेतात. दुरून सूत्रे हलवणाऱ्याला आपण 'उंटावरून शेळ्या हाकणारा' म्हणतो. उंटांच्या देशात राहून मी तेच केले होते.

२०१७ मध्ये इथल्या सरकारने अपंगांसाठी 'पीपल ऑफ डिटरमिनेशन', म्हणजे निर्धाराची माणसे, हा शब्द रूढ केला. शब्द मानाचा आहे. पण नऊ वर्षांच्या मुलाला साधे खेळायलाही दर वेळी निर्धार दाखवावा लागू नये. निर्धार यंत्र बनवणाऱ्याने दाखवावा.

मी प्रोग्राम पुन्हा लिहिला. पहिली दहा मिनिटे हळूच पायडल मारायचे. चिरंजीव त्याला 'पेट्रोल भरणे' म्हणतात. मग जोर थोडा आणि विश्रांती मोठी. ठरावीक वेगापुढे कितीही पाय मारले तरी काही मिळत नाही. आणि एक मोठे लाल बटण: ते दाबले की खेळ जिथल्या तिथे थांबतो, एकही गुण जात नाही. पुण्याचा मावसभाऊ इंटरनेटवरून साध्या कीबोर्डवर सोबत खेळतो.

दमा बरा झाला असे मी सांगणार नाही. आठवड्यातले काही दिवस सायकलवर पुन्हा टॉवेलच असतो. पण गेल्या महिन्यात शर्यत ऐन रंगात असताना त्याने लाल बटण दाबले. "बाबा, छाती जड वाटतेय," म्हणाला आणि शांतपणे पंप घेतला. तिकडे पुण्यात भाऊ थांबला होता. "ये रे सावकाश, मी आहे," असे त्याने सांगितलेले आम्हा सर्वांना ऐकू आले. माझ्या पहिल्या यंत्रात या थांबण्याला जागाच नव्हती.

आपल्यात इंजिनियर पुष्कळ आहेत आणि उन्हाळा दर वर्षी येणार आहे. कोणी असे काही घडवायला घेतलेच तर आधी डॉक्टरांना विचारा, आणि मग मुलाशेजारी बसून त्याचा श्वास ऐका. स्क्रू-ड्रायव्हर त्यानंतर.